दोरीवरचं माणूस

हिमोग्लोबिन हा शब्द आपल्याकडच्या बायकांना फार लवकर भेटतो, आणि तोही नेहमी 'कमी आहे' हे शेपूट लावून. बीट खा, गूळ-शेंगदाणे खा, लोखंडी कढईत भाजी कर, एवढ्यावर विषय मिटतो. हे हिमोग्लोबिन मुळातूनच बदलता येतं, आपलं जाऊन त्याच्या जागी दुसऱ्याच कुणाचं येऊ शकतं, असं दीपश्रीला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर तिने ते हसण्यावारी नेलं असतं. अर्थात पोटभर हसून झाल्यावर तिला पंप ओढावा लागला असता, कारण तिला लहानपणापासून दमा होता.

फोंड्याकडची ही मुलगी दिसायला चांगली, शिकलेली, स्वयंपाकात हुशार. पण बघायला आलेल्या माणसांसमोर चहाचा ट्रे घेऊन चार पावलं चालली की तिच्या छातीत शिट्टी वाजायची. दोन स्थळं तेवढ्यावरच परत गेली. तिसरं स्थळ आलं ते खडपवाडीच्या कोयंड्यांचं. मुलाची आई, सुहासिनीबाई, चहा बाजूला ठेवून म्हणाली, "वायच दम धरून दाखय बघू गो."

दीपश्रीला वाटलं, आता ही बाई आपली जाहीर शोभा करणार. तिने नाक दाबलं, डोळे मिटले आणि अर्ध्या मिनिटाच्या आतच ती खोकत खाली बसली. डोळे पुसून बघते तर पाहुण्यांचे चेहरे खुललेले. मुलगा गौरेश तर चक्क हसत होता. सुहासिनीबाई तिच्या आईकडे वळून म्हणाली, "आमका अशीच होयी होती."

यामागे खडपवाडीचा एक रिवाज होता. ही वाडी शिनाण्यांवर जगणारी. शिनाणे म्हणजे खडकाला घट्ट चिकटून वाढणारे काळ्या-हिरव्या शिंपल्यांचे जीव. ते काढायला माणूस कमरेला दोरी बांधून, हातात लोखंडी पट्टी घेऊन पाण्यात बुडी मारतो. दोरीचं दुसरं टोक होडीत बसलेल्या माणसाच्या हातात. खालच्याने बुडी मारली की वरच्यानेही दम धरायचा. वरच्याचा दम सुटला की त्याने दोरीला हिसका द्यायचा, आणि हिसका बसला की खालच्याने निमूट वर यायचं. का ओढलीस म्हणून विचारायचं नाही. आता बसल्या जागी धरलेला दम खाली राबणाऱ्याच्या दमापेक्षा जास्त टिकणार हे उघड आहे, म्हणून दोरीवर मुद्दाम कच्च्या छातीचं माणूस बसवायचं. म्हातारी माणसं, बिड्या ओढून खोकणारे, दमेकरी, यांना एरवी जगात कुणी विचारत नाही; खडपवाडीत त्यांना मान होता. गौरेशच्या वडलांच्या दोरीवर सुहासिनीबाई बसायची. तिची छाती चुलीच्या धुराने कामातून गेलेली होती.

शहाणे लोक विचारत, की मग घड्याळ काय वाईट? त्यावर सुहासिनीबाईचं उत्तर ठरलेलं. "घड्याळ बघणारो माणूस गजाली मारता, दुसऱ्याच्या होडयेकडे बघता. दम धरलेलो माणूस दुसरा काय करतलो? तेका दुसरा कायच जमणा नाय."

पहिल्या हंगामात दीपश्रीने नवऱ्याला अगदी जेरीस आणलं. पाण्याकडे बघूनच तिला धडकी भरे. गौरेश जेमतेम खडकापर्यंत पोचतो न पोचतो तोच दोरीला हिसका बसायचा. तो रिकाम्या मुठीने वर यायचा, केसांतलं पाणी झटकायचा, आणि एक अक्षर न बोलता पुन्हा खाली जायचा. बाकीच्या होड्यांवरून लोक विचारत, गौरेश शिनाणे काढूक जाता काय तोंड धुवक? तो हसून सोडून देई. हळूहळू तिला सवय झाली. गौरेश खाली पट्टीने खडक ठोके, त्याचे हादरे दोरीतून वर येत आणि तिच्या तळहातात वाजत. छाती फुटायला आलेली असताना दुसरीकडे लक्ष जाणं शक्यच नसायचं; ती सगळीच्या सगळी त्या तळहातात येऊन बसायची. जगात आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही गोष्ट तिला तिथे पहिल्यांदा कळली, आणि त्या सुखापुढे तिला दम्याचंही काही वाटेनासं झालं.

मग समुद्रात पवनचक्क्या आल्या. किनाऱ्यापासून दूर, पाण्यावर तरंगणाऱ्या, साखळ्यांनी तळाशी बांधलेल्या. त्यांच्या पाण्यातल्या पायांवर शिनाण्यांनी असे काही थर चढवले की चक्क्या कलायला लागल्या. यंत्राने खरवडलं तर पायांचा लेप निघे. पाठीवर टाकी लावून उतरणाऱ्या पाणबुड्यांची तयारीच अर्धा दिवस चाले. कंपनीला हवे होते खडपवाडीसारखे लोक. फक्त त्यांचा दम जास्त टिकला पाहिजे होता. आणि तशी सोय तोवर झालेली होती.

ती सोय समजून घ्यायला हिमोग्लोबिनचं काम समजून घ्यावं लागतं. रक्तातलं हे प्रथिन म्हणजे चार सीटांची एसटी समजा. फुप्फुसाच्या डेपोत ऑक्सिजनचे चार उतारू चढतात, गाडी अंगभर फिरते. पण माणूस निवांत बसलेला असताना वाटेत साधारण एकच उतारू उतरतो, आणि उरलेले तिघे फुकटची सहल करून डेपोत परत येतात. आपण दम धरतो तेव्हाही बराचसा ऑक्सिजन असा गाडीतच बसलेला असतो. मगरीची गाडी निराळी. शरीर काम करतं तेव्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि रक्तात विरघळून त्याचं बायकार्बोनेट बनतं. आपण भज्यांच्या पिठात टाकतो त्या सोड्यातलाच हा अंश. मगरीच्या हिमोग्लोबिनवर हे बायकार्बोनेट येऊन बसलं की गाडी सगळ्या उतारूंना खाली उतरवते. म्हणून मगर एका दमात तासभर पाण्याखाली पडून राहते.

संशोधकांनी मगरीच्या हिमोग्लोबिनमधली ती नेमकी जागा माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये बसवली. त्याची कृती एका निरुपद्रवी विषाणूच्या खोळीत भरून सुईने टोचायची, ती हाडांच्या मगजात जाते, आणि तिथे तयार होणारी प्रत्येक नवी लाल पेशी मगरीच्या वळणाची निघते. लाल पेशीचं आयुष्य चार महिन्यांचं. तेवढ्यात जुन्या पेशी मरतात आणि माणसाचं सगळं रक्त बदलून जातं. दुसरी सुई टोचली की तेवढ्याच काळात ते पुन्हा पहिल्यासारखं होतं. औषध काढलं होतं ते हृदयाच्या आणि छातीच्या रोग्यांसाठी. त्याचा असाही उपयोग होतो हे कंपन्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. औषधाला मोठं भारदस्त नाव होतं. खडपवाडीत त्याला सुसरीची सुई म्हणत.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरात होती. दम धरल्यावर आपण गुदमरतो ते ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे. साठत चाललेला कार्बन डायऑक्साइड मेंदूतली घंटा वाजवतो, त्याला आपण गुदमरणं म्हणतो. नवं रक्त तोच पोटात घेत राहायचं, त्यामुळे ती घंटा फार उशिरा वाजे, आणि अंगमेहनत जास्त झाली तर ऑक्सिजन आधी संपे, घंटा नंतर. त्यासाठी कंपनीने मनगटावर बांधायचा, रक्तातला ऑक्सिजन उतरला की ओरडणारा एक पट्टा दिला होता. पण गार पाण्यात कातडीतलं रक्त आत ओढलं जातं, आणि पट्टा उगाचच कोकलत सुटतो. चार-सहा वेळा विनाकारण वर आल्यावर सगळ्यांनी पट्टे काढून होडीच्या खुंट्यांना अडकवले.

गौरेशने सुई घेतली. पावसाळा संपेस्तोवर त्याचं रक्त बदललं, आणि तो वीस-वीस मिनिटं पाण्याखाली राहू लागला. घरातही त्याचा श्वास इतका मंद चाले की दुपारी तो आडवा झाला की दीपश्री त्याच्या नाकाशी बोट धरून बघे. होडीत तर तिची पंचाईतच झाली. नियमाप्रमाणे तिने दम धरला तर अर्ध्या मिनिटात सुटायचा, आणि तेवढ्यात तो धड कामालाही लागलेला नसे. तिने ठरवलं, पुन्हा पुन्हा धरायचा. एक सुटला की दुसरा, दुसरा सुटला की तिसरा. चौथ्या दिवशी होडीतच तिला असा झटका आला की गौरेशला काम टाकून तिला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं.

तिथल्या डॉक्टर लोबो बाईंनी तिला वाफ दिली, छाती तपासली आणि सहज म्हटल्यासारखं विचारलं, "तुम्ही स्वतः का घेत नाही ते औषध? मूळ ते तुमच्यासारख्यांसाठीच आहे."

घरी येऊन दीपश्रीने सांगितलं की मी दोरीसाठी सुई घेणार; दोघांचं रक्त सारखं झालं की मला पुन्हा त्याच्याबरोबर दम धरता येईल. सुहासिनीबाई हरखून गेली. वाडीतल्या इतरांनी दोऱ्या कधीच सोडून दिल्या होत्या, सुनेने तरी रिवाज राखला. तिने समुद्राला नारळ दिला आणि म्हणाली, "दोगांचा रगत एक झाला की मगे काळजी नाय." गौरेशलाही ते पटलं. दोरीवर कच्च्या छातीचं माणूस का बसवतात, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं, आणि नेमकं ते त्या दिवशी कुणालाही आठवलं नाही.

दीपश्री खोटं बोलली नव्हती. पण तिने सगळंही सांगितलं नव्हतं. टेंबावरच्या, म्हणजे टेकडीवरच्या, रवळनाथाच्या देवळात ती लग्नानंतर एकदाच गेली होती, तीही पाच ठिकाणी बसून. सुई घेतल्यानंतर चौथ्या महिन्यात ती एका दमात वर चढली. दमा गेला नव्हता. छातीतल्या नळ्या तशाच आकसत. पण आता रक्तातच एवढा साठा असे की आकसल्या तरी तिला कळायचंही नाही. देवळाच्या पायरीवर उभी राहून तिने खालचा सगळा किनारा बघितला आणि मोठ्याने एक गाणं म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने गाण्याची ओळ मध्ये न तोडता पूर्ण म्हटली होती. तिला रडू आलं आणि रडतानाही धाप लागली नाही, याची तिला आणखीच गंमत वाटली. मग ती दर सोमवारी जाऊ लागली.

होडीतही सगळं छान जमलं. गौरेश बुडी मारी, ती दम धरी, आणि दोघं वीस मिनिटं एकत्र असत, एक खाली, एक वर. तिला काही जड जात नसे. पूर्वी डोळे मिटून, दात आवळून बसायची ती आता डोळे उघडे ठेवून आरामात टेकून बसे.

तो दिवस कार्तिकातला होता. समुद्र शांत, पण खाली प्रवाह जोरात होता, आणि चक्कीच्या त्या पायावरचे शिनाणे जुने, दगड झालेले. गौरेश खाली गेला. दीपश्रीने दम धरला. तिने किनाऱ्याकडे पाहिलं, टेंब शोधला, देवळाचा पांढरा ठिपका तिला सापडला. येत्या सोमवारी सासूबाईंनाही हाताला धरून वर न्यावं असं तिच्या मनात आलं. वाटेत बसायला कुठे कुठे सावली आहे ते ती आठवू लागली. मग तिचं लक्ष हाताकडे गेलं.

दोरी गप्प होती. हादरे कधी थांबले, आत्ता की केव्हाचे, हे तिला सांगता येईना. छाती तर म्हणत होती, अजून पुष्कळ वेळ आहे. तिने हिसका दिला. खालून काही उत्तर आलं नाही. मग ती उठून उभी राहिली आणि ओढत सुटली. जिला कधी पाण्याची कळशी उचलवत नव्हती, तिने एकटीने नवऱ्याला पाण्याबाहेर काढलं.

गौरेश जगला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, उगाच कुणाचा जीव टांगणीला कशाला ठेवा? प्रवाहाशी झगडत दगडी थर फोडताना त्याच्यातला ऑक्सिजन संपला, घंटा वाजलीच नाही, आणि दिवा मालवावा तशी त्याची शुद्ध गेली. मेंदू वाचला. छातीत मात्र खारं पाणी गेलं होतं. न्यूमोनिया झाला, आणि तो बरा होताना फुप्फुसांवर कायमचे व्रण ठेवून गेला. अशा छातीला वेळेवर दम लागला पाहिजे, नाहीतर ती बिघडते आहे हे कळणारच नाही, असं म्हणून डॉक्टर लोबोंनी त्याला परतीची सुई दिली. कंपनीने पंचनामा केला; घड्याळाच्या हिशेबाने वीस मिनिटं झालेली नव्हती, त्यामुळे कुणाचीच चूक निघाली नाही.

दीपश्रीच्या लेखी मात्र चूक तिची होती, आणि ती कुणाच्या समजावण्याने जाईना. आपण दम धरला होता, सगळं रिवाजाप्रमाणे केलं होतं, आणि तरीही आपण तिथे नव्हतो, टेंबावर होतो. ती हे गौरेशला सांगायला गेली तर त्याने तिचा हात धरला. "तू ओढलंस म्हणान मी हय आसंय," एवढंच तो म्हणाला, आणि तेवढ्यानेही त्याला धाप लागली.

चार महिन्यांनी त्याचं रक्त पूर्ववत झालं. पण पंधरा पावलं चालला की तो भिंतीला टेकायचा. दिवसभर पडवीत बसून समुद्राकडे बघत राहायचा. जेवायला हाक मारली तरी दोनदा मारावी लागे. सुहासिनीबाईला ते बघवेना. तिने मनाशी एक तोडगा काढला आणि एकदा जेवणं झाल्यावर तो सुनेपुढे मांडला. गौरेशची छाती वर्षभरात थोडीफार सुधारेल. तो कंपनीकडे नाही, पण वाडीतल्या खडकावर छोट्या बुड्या मारू शकेल. फक्त दोरीवर भरवशाचं माणूस हवं. तूही परतीची सुई घे. पूर्वीसारखी हो.

गौरेशने मान वर केली नाही, पण तो ऐकत होता. दीपश्रीला त्याच्या चेहऱ्यावरची आशा दिसली, आणि तिला त्याचा रागही आला नाही. तिने ताटातली शितं गोळा केली. उत्तर तिच्याकडे तयार होतं.

"आई, मी परत दम्यात जावचंय नाय," ती म्हणाली. "देवळाच्या पायऱ्यो मी थांबल्याशिवाय चढतंय. ता मी आता सोडूचंय नाय. आणि हेच्या दोरयेर मी परत बसाचंय नाय. माका माझो भरवसो रवलो नाय."

सुहासिनीबाई उठून आत गेली. त्यानंतर आठवडाभर घरात कामापुरतं बोलणं होत होतं. गौरेश रागावला नव्हता, दुखावला होता, आणि ते जास्त वाईट. दीपश्री सोमवारी देवळात गेली, पण तिने गाणं म्हटलं नाही. दम लागत नसला तरी छाती भरून येते, हे तिला त्या दिवशी कळलं. बराच वेळ ती खालच्या खडकांकडे बघत बसली. मग काय मनात आलं कोण जाणे, पायऱ्या धावतच उतरली आणि तडक पडवीत गौरेशसमोर येऊन उभी राहिली.

"दम धरून दाखय बघू," ती म्हणाली.

त्याला वाटलं, थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती. त्याने नाक दाबलं, डोळे मिटले. अर्धं मिनिट जेमतेम झालं असेल, तो खोकत पुढे वाकला. आतल्या दारात सुहासिनीबाई उभी होती. तिने पोराच्या लाल झालेल्या तोंडाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि तिच्या सगळं लक्षात आलं. आठवड्यात पहिल्यांदा ती हसली. पदर तोंडाला लावून हसत होती. मधेच डोळेही पुसत होती.

"बरोब्बर तुझ्याएवढो," ती सुनेला म्हणाली. "तुका बघूक इलंव तेव्हा तू धरललंस, तेवढोच."

पोहायला शिकण्यात दीपश्रीचा एक उन्हाळा गेला. खडकाला धरून खाली कसं जायचं, पट्टी कुठे लावायची, हे गौरेशने तिला होडीत बसून शिकवलं. मधे मधे थांबून, श्वास घेत. पहिल्या बुडीच्या दिवशी त्याने स्वतः तिच्या कमरेला दोरी बांधली आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

ती पाण्याखाली गेली. कानांत दडे बसले, मग मोकळे झाले. खाली हिरवट उजेड होता आणि कमालीची शांतता. अंगात कुठे घाई नव्हती. वीस मिनिटांचा ऑक्सिजन तिच्या रक्तात आरामात बसून होता. तिने खडक चाचपला, शिनाण्यांचा एक मोठा घोस तिच्या हाताला लागला. तिने पट्टी लावली, दोन ठोके दिले. घोस हलला. आणखी एक ठोका, की तो सुटणार होता.

कमरेला हिसका बसला.

आत्ताच? तिच्या मनात आलं. आत्ता तर आले. एवढा घोस सोडून जायचं? तिचा हात पुन्हा पट्टीकडे गेला. मग तिला आठवल्या त्या पहिल्या हंगामातल्या गौरेशच्या रिकाम्या मुठी, आणि केसांतलं पाणी झटकून पुन्हा निमूट खाली जाणारा तो.

तिने खडक सोडला.

वर आली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं, आणि तिने काही विचारलंही नाही. होडीच्या कडेला धरून तिने पाहिलं. गौरेश दोन्ही हातांत दोरी गच्च आवळून बसला होता. पाण्यातून ती आली होती, आणि धापा तो टाकत होता.